पीपीकेच्या जोडीला मोठे पिस्तूल घेताना

नागपूरच्या इतवारीतील एका सराफी व्यावसायिकाने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांच्याकडे वडिलांच्या काळातील .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यास) वॉल्थर पीपीके हे लहान पिस्तूल आहे आणि परवान्यावर दुसऱ्या शस्त्राला मंजुरी मिळाली आहे. पीपीके ते दुकानातून घरी जाताना कमरेला लावतात; परंतु रेंजवर त्याचा नेम धरताना हात स्थिर राहत नाही आणि पन्नासेक गोळ्या झाडल्या की अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलवटते, अशी त्यांची तक्रार आहे. त्यामुळे दुकानात ठेवण्यासाठी आणि सरावासाठी पूर्ण आकाराचे दुसरे शस्त्र घ्यावे, असा त्यांचा विचार आहे. त्यांच्यासमोर चार पर्याय आहेत: एका ओळखीच्या परवानाधारकाकडचे जुने सीझेड ८३ पिस्तूल, नवे कोरे भारतीय बनावटीचे अशनी पिस्तूल, कानपूरचे .३२ रिव्हॉल्वर आणि एका मित्राने सुचवलेले ‘नाइन एमएम’.

यातील शेवटचा पर्याय प्रथम बाजूला ठेवतो. ९ मिलिमीटर हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे. सराफी पेढीच्या संरक्षणासाठी मिळालेल्या सर्वसाधारण परवान्यावर असे पिस्तूल घेता येत नाही, मग ते कितीही ‘ओळखीतले’ आणि कितीही ‘कागदपत्रांसह’ असो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्यास किमान सात आणि कमाल चौदा वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. अशा गोष्टीचा विषय निघाला की चहा पिऊन उठावे, एवढेच सांगतो.

आता मूळ मुद्दा. लहान आणि मोठे पिस्तूल जोडीने बाळगण्याविषयी इंटरनेटवर जे काही वाचायला मिळते, ते बहुतांशी अमेरिकेतील वाचकांसाठी लिहिलेले असते. तेथे ग्लॉक १९ हे लहान पिस्तूल असणारा माणूस सहज जाऊन त्याचे मोठे भावंड ग्लॉक १७ आणतो. दोन्हींची सेफ्टी (गोळी चुकून सुटू न देणारी सोय), ट्रिगर म्हणजे चाप आणि साईट (नेम धरण्याची खूण) सारखीच असते, १७ चे सतरा गोळ्यांचे मॅगझिन १९ मध्येही बसते आणि निवड चुकली तर तो तिसरे शस्त्र घेतो. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ मधील २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रांची मर्यादा घातली आहे. पूर्वी ती तीन होती. वारशाने आलेले शस्त्रही या दोनांतच मोजले जाते. नामवंत नेमबाजांना वेगळी सवलत आहे, परंतु ती आपल्याला लागू नाही. म्हणजे आपली एक जागा पीपीकेने आधीच व्यापली आहे आणि उरलेल्या एका जागेत जे शस्त्र येईल ते विकायचे ठरवले तरी गिऱ्हाईक परवानाधारकच शोधावे लागेल. म्हणून ‘कोणते पिस्तूल चांगले’ या प्रश्नापेक्षा ‘माझ्या पीपीकेबरोबर कोणते पिस्तूल नांदेल’ हा प्रश्न आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. मी शस्त्रदुरुस्ती आणि प्रशिक्षण ही दोन्ही कामे करीत आलो आहे. घरात दोन शस्त्रे आहेत आणि दोन्हींवर हात बसलेला नाही, असे परवानाधारक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यातील बहुतेकांनी दुसरे शस्त्र पहिल्याचा विचार न करताच घेतलेले असते.

मोठ्या पिस्तुलाने नेमका काय फरक पडतो, हे आधी नीट समजून घ्यावे. .३२ च्या बाबतीत गोळीच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही. .३२ एसीपी हे काडतूस जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी तयार केले. त्याची नेहमीची ७१ ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅमची गोळी चार इंची नळीतून सेकंदाला तीनशे मीटरच्या आतबाहेर वेगाने निघते. पीपीकेची ८३ मिलिमीटरची नळी जाऊन ९८ मिलिमीटरची आली, तर वेगात किरकोळ वाढ होते. त्यासाठी लाखो रुपये खर्च करण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो पकडीत, वजनात आणि दोन साईटमधील अंतरात, आणि या तिन्हींचा संबंध गोळीशी नसून धरणाऱ्याच्या हाताशी आहे.

साईटच्या अंतराचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा लहान पिस्तुलाची मागची साईट आणि पुढची माशी यांत ११० मिलिमीटर अंतर आहे आणि चाप ओढताना माशी अर्ध्या मिलिमीटरने डावीकडे सरकली. दहा मीटरवर गोळी सुमारे साडेचार सेंटिमीटर डावीकडे लागेल आणि पंचवीस मीटरवर साडेअकरा सेंटिमीटर. तेच अंतर १६० मिलिमीटर असेल तर तेवढ्याच चुकीला दहा मीटरवर तीन आणि पंचवीस मीटरवर आठ सेंटिमीटरांच्या आसपास फरक पडेल. पिस्तूल अधिक अचूक झाले, असा याचा अर्थ नाही. पीपीकेची नळी फ्रेमला पक्की बसवलेली असते आणि यंत्राच्या पकडीत धरून झाडल्यास ते आश्चर्य वाटावे इतके एकाच ठिकाणी मारते. मोठ्या पिस्तुलावर आपली चूक डोळ्याला लवकर दिसते आणि लक्ष्यावर तिची किंमत कमी मोजावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. शिकणाऱ्यासाठी मात्र ही गोष्ट फार मोलाची आहे.

वजनाचेही तसेच. पीपीके साधारण ५९० ग्रॅमचे असते आणि सीझेड ८३ सुमारे ८०० ग्रॅमचे. काडतूस तेच राहिले तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे सीझेडमध्ये ती जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी होते. त्यातच .३२ ची बहुतेक पिस्तुले ब्लोबॅक पद्धतीची असतात. नळी आणि स्लाइड (गोळी सुटताच मागे सरकणारा वरचा भाग) एकमेकांत अडकवून ठेवणारी कोणतीही कडी त्यांत नसते. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच सगळे थोपवलेले असते. म्हणूनच एवढ्याशा काडतुसाच्या मानाने पीपीके हातात चांगलाच झटका देते आणि त्याची स्लाइड मागे ओढायलाही कडक लागते.

आता आपल्या सोलवटलेल्या कातडीविषयी. पीपीकेची मूठ लहान आणि मागचा उंचवटा आखूड असल्याने मांसल हाताची अंगठा आणि तर्जनी यांमधील घडी वर सरकते आणि मागे येणाऱ्या स्लाइडची खालची कड तेथे घासते. आपला हात मोठा आहे की पकड चुकते, हे न पाहता सांगता येणार नाही, परंतु एक तपासणी घरी करता येईल. मॅगझिन काढून, चेंबर (नळीच्या मागील, काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि करंगळीने रिकामे असल्याची खात्री करून, पिस्तूल सुरक्षित दिशेला धरावे आणि दुसऱ्या हाताने स्लाइड अगदी सावकाश मागे न्यावी. कड कातडीला कोठे टेकते ते दिसेलच. मूठ दोन-तीन मिलिमीटर खाली धरल्यावर ती टेकत नसेल, तर अर्धी तक्रार नवे पिस्तूल न घेताच मिटली.

या पार्श्वभूमीवर आपल्या उरलेल्या तीन पर्यायांकडे वळतो.

सीझेड ८३ हे मला स्वतःला आवडणारे पिस्तूल आहे. मूठ भरीव आहे, सिंगल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे हॅमर (घोडा) आधीच उठलेला असताना, चाप स्वच्छ सुटतो आणि .३२ मध्ये त्याच्या मॅगझिनमध्ये पंधरा काडतुसे मावतात. या पंधराच्या आकड्याचे आपल्याकडे अवास्तव कौतुक होते. परवान्यावर मंजूर असलेली काडतुसे आणि बाजारातील त्यांचा भाव पाहता, मॅगझिन सतत भरलेले ठेवणारे मालकही थोडेच असतात. खरी अडचण वेगळीच आहे आणि ती विक्रेता सहसा सांगत नाही. आपल्या पीपीकेची सेफ्टी स्लाइडवर आहे. तिची कळ खाली केली की पिस्तूल सुरक्षित होते, उठलेला हॅमरही सुरक्षितपणे खाली बसतो आणि कळ वर केली की पिस्तूल झाडण्यास तयार होते. सीझेड ८३ ची सेफ्टी फ्रेमवर आहे आणि तिची दिशा नेमकी उलट आहे: वर म्हणजे सुरक्षित, खाली म्हणजे तयार. अंगठ्याला एका शस्त्रावर लागलेली सवय दुसऱ्यावर घातक ठरू शकते. रेंजवर शांतपणे उभे असताना हे लक्षात राहते. रात्री दुकानाचे शटर ओढताना मागून कोणी आले, तर अंगठा विचार करीत नाही, तो सवयीने चालतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सीझेड ८३ ला हॅमर उतरवण्याची कळ नाही. चेंबरमध्ये काडतूस असताना उठलेला हॅमर खाली आणायचा, तर एका हाताच्या अंगठ्याने तो धरून, दुसऱ्या हाताच्या बोटाने चाप दाबून सावकाश सोडावा लागतो. घामट हाताने ही कसरत करताना अंगठा निसटला, तर गोळी सुटते. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना तळहात कोरडा राहतो असे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ज्यांना पीपीकेच्या कळीने हॅमर उतरवण्याची सवय आहे, त्यांनी सीझेड घेतले तर ही क्रिया करूच नये. मॅगझिन काढावे, स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामे करावे, पुन्हा तपासावे आणि मगच पिस्तूल ठेवावे. एवढी शिस्त पाळण्याची तयारी असेल तरच त्या पिस्तुलाचा विचार करावा, आणि तसे झाल्यास सीझेड हे मुख्य शस्त्र मानून पीपीके क्वचित वापरण्यापुरते ठेवावे. दोन्ही आलटून पालटून रोज हाताळू नयेत.

अशनीचे गणित वेगळे आहे. ते नवे मिळते, विक्रेत्याकडून रीतसर पावतीसह मिळते, सुटे भाग आणि दुरुस्ती देशातच होते आणि काडतूस पीपीकेचेच, म्हणजे .३२ एसीपी लागते. जुन्या परदेशी पिस्तुलांच्या मानाने किंमतही पुष्कळ कमी आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी पिस्तुलांची आयात जवळजवळ बंद आहे, त्यामुळे त्याआधी आलेल्या मालाचा भाव काही लाखांच्या घरात गेला आहे आणि त्यातील मोठा हिस्सा शस्त्राच्या गुणाचा नसून दुर्मीळपणाचा आहे, हे येथे नोंदवून ठेवतो. परंतु अशनी हे ब्राउनिंगच्या जुन्या घडणीचे, आत दडलेल्या हॅमरचे सिंगल अ‍ॅक्शन पिस्तूल आहे. आपल्या पीपीकेत हॅमर खाली बसलेला असताना पहिली गोळी लांब आणि जड ओढीने सुटते. अशनीत तशी पहिली ओढ नाही आणि आतील हॅमर उठलेला आहे की नाही हे बाहेरून दिसतही नाही. त्यामुळे चेंबर रिकामे ठेवणे हाच त्याचा एकमेव समंजस नियम आहे. दुकानाच्या तिजोरीत ठेवायचे शस्त्र म्हणून ते चालेल, परंतु पीपीकेवरील पहिल्या ओढीचा सराव त्यावर होणार नाही, आणि आपल्याला तर सरावासाठीच दुसरे शस्त्र हवे आहे.

रिव्हॉल्वरविषयी लोकांमध्ये जो विश्वास आहे, तो अनाठायी नाही. काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढावा, पुढचे समोर येते. स्लाइड ओढण्याचा प्रश्न नाही. कपाटात पडून राहिले तरी मॅगझिनच्या स्प्रिंगची काळजी नाही. हाताला संधिवात असलेल्या किंवा बोटांत जोर नसलेल्या माणसाला मी कोणताही विचार न करता रिव्हॉल्वर सुचवतो. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे मधून मोडून उघडणारे जुन्या धाटणीचे रिव्हॉल्वर अनेकांनी पाहिलेले असते. त्याच शहरातील फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये आणलेले हलके निर्भीकही बरेच गाजले, आणि २०२३ मध्ये बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचे प्रबळ आले. निर्भीक साधारण पाचशे ग्रॅमचे आहे, म्हणजे पीपीकेपेक्षाही हलके. ते घेतल्यास आपल्याकडे दोन लहान शस्त्रे होतील आणि मोठ्याची उणीव तशीच राहील. प्रबळ सुमारे सातशे ग्रॅमचे असून त्याची नळी ७६ मिलिमीटरची आहे, त्यामुळे तेही पूर्ण आकाराचे म्हणता येणार नाही.

मात्र आपल्या बाबतीत रिव्हॉल्वरला माझा मुख्य आक्षेप काडतुसाचा आहे. रिव्हॉल्वरला .३२ स्मिथ अँड वेसन लाँग लागते आणि पीपीकेला .३२ एसीपी. दुकानदार, परवाना लिहिणारा कारकून आणि घरातील माणसे दोघांनाही ‘बत्तीस’च म्हणतात. लाँगचे काडतूस लांब असून त्याची मागची कड पूर्ण बाहेर आलेली असते. एसीपीचे आखूड आणि कड अगदी नाममात्र बाहेर असते. शेजारी ठेवली की फरक कळतो, पण डब्यात मिसळली की घाईत कळत नाही. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये लाँग बसणारच नाही. उलट एसीपीचे काडतूस लाँगच्या रिव्हॉल्वरमध्ये कसेबसे बसू शकते आणि काही जण ते झाडूनही पाहतात. रिव्हॉल्वर त्या काडतुसाच्या दाबासाठी बनवलेले नसते, त्यामुळे हा प्रयोग कोणीही करू नये. एका घरात दोन बत्तीस ठेवायचेच असतील तर डबे वेगळ्या कपाटांत ठेवावेत. शिवाय दोन वेगळी काडतुसे असली की परवान्यावरील मंजूर साठा दोहोंत विभागला जातो आणि सरावाला कोणतेच पुरेसे उरत नाही.

मग घ्यावे काय? वरील तीनपैकी एकही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण त्याच घराण्यातील थोरले भावंड, म्हणजे .३२ चे वॉल्थर पीपी शोधावे. पीपी १९२९ मध्ये आले आणि त्याला आखूड करून पुढे पीपीके बनवले गेले. सेफ्टीची कळ त्याच जागी आणि त्याच दिशेला, पहिली ओढ तशीच लांब, साईट त्याच पद्धतीच्या, उघडण्याची आणि साफ करण्याची रीत तीच, काडतूसही तेच. पीपीची लांबी १७० मिलिमीटर आणि नळी ९८ मिलिमीटर, तर पीपीके १५५ आणि ८३; मॅगझिनमध्ये सातऐवजी आठ काडतुसे मावतात. आकडे पाहून हा फरक क्षुल्लक वाटेल आणि नळीपुरता तो आहेही. परंतु पीपीची मूठ लांब असून मागे फ्रेमचे पोलाद खालपर्यंत येते, त्यामुळे करंगळी हवेत न राहता मुठीवर बसते आणि पिस्तूल हातात फिरत नाही. आपली तक्रार नेमकी तेथेच आहे. पीपीवर केलेला प्रत्येक तासाचा सराव जसाच्या तसा पीपीकेवर उतरतो, हा लाभ सीझेडच्या पंधरा गोळ्यांपेक्षा मला मोठा वाटतो. काही जण म्हणतील की एवढ्या थोड्या फरकासाठी दुसरी जागा खर्च करणे हा उधळेपणा आहे. ज्याला केवळ संग्रह करायचा आहे, त्याच्यासाठी तो असेलही.

पीपी मिळाले नाही तर दुसऱ्या क्रमांकावर मी सीझेडला ठेवीन, वर सांगितलेल्या शिस्तीच्या अटीवर. बेरेटा ८१ मिळत असेल तर तेही त्याच पंक्तीत बसते. त्याच्या मॅगझिनमध्ये बारा काडतुसे मावतात, मात्र त्याचीही सेफ्टी फ्रेमवर असून वर म्हणजे सुरक्षित अशीच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनंतर खासगी कारखान्यांनाही परवानगी मिळाली. वेब्ली अँड स्कॉट उत्तर प्रदेशातील संडीला येथे आणि ब्राझीलची टॉरस हिसार येथे भारतीय भागीदारांसह उत्पादनात उतरल्या आहेत. त्यांचे नवे .३२ पिस्तूल हाती आले, तर कंपनीचे नाव किंवा किंमत पाहण्याआधी सेफ्टीची दिशा, हॅमर उतरवण्याची सोय आणि पहिली ओढ या तीन गोष्टी आपल्या पीपीकेशी जुळवून पाहाव्यात.

जुने शस्त्र घेताना तपासणी आर्मररकडूनच, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडूनच, करून घ्यावी, परंतु आपण स्वतःही काही गोष्टी पाहू शकता. चेंबर रिकामे करून, स्लाइड काढून, नळीतून पांढऱ्या कागदाकडे पाहावे. आतील आटे धारदार दिसायला हवेत आणि मधेच अंगठीसारखी काळी सावली दिसली, तर नळी कधीतरी अडकलेल्या गोळीने फुगलेली असण्याची शक्यता आहे. असे पिस्तूल फुकट मिळाले तरी नको. स्लाइडच्या खिडकीच्या कोपऱ्यांत आणि फ्रेमच्या वळणांत केसासारखी चीर आहे का, हे भिंगातून पाहावे. ब्लोबॅक पिस्तुलात रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) थकली की स्लाइड फ्रेमवर आपटत राहते आणि चिरा तेथूनच सुरू होतात. स्प्रिंग जुनी असेल तर ती बदलून घेणे हा खर्च किमतीतच धरावा. मॅगझिनचे ओठ वाकलेले किंवा पकडीने दाबलेले नसावेत. .३२ एसीपीच्या काडतुसाला निमकड असल्याने मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर ते अडकते. गोल टोकाच्या पूर्ण लांबीच्या काडतुसात हे क्वचित घडते, आखूड गोळीच्या काडतुसात अधिक. भरताना प्रत्येक काडतूस आधीच्याच्या पुढे बसले आहे ना, हे पाहण्याची सवय लावावी. पीपी पाहत असाल तर रिकाम्या पिस्तुलाचा हॅमर उठवून सेफ्टी खाली करावी. हॅमर खाली यावा आणि नळीत सोडलेली पेन्सिल जागची हलू नये. पेन्सिल उडाली, तर सेफ्टी फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सळई) अडवत नाही, असे समजून तेथेच व्यवहार थांबवावा.

कागदपत्रांत घाई करू नये. खासगी परवानाधारकाकडून शस्त्र घेताना विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यावी लागते आणि त्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस उलटल्याशिवाय हस्तांतर होत नाही. ‘पैसे आता द्या, कागद मागाहून करू’ असे म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. शस्त्रावर कोरलेला क्रमांक त्याच्या परवान्यातील नोंदीशी अंकाअंकाने ताडून पाहावा. जुन्या शाईतील तीन आणि आठ यांत गफलत झालेली मी पाहिली आहे आणि ती पुढे निस्तरणे फार कटकटीचे होते. शहरात परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त असतात आणि ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकारी. विकणारा काटोल किंवा उमरेडचा असेल तर दोन्ही कार्यालयांत खेपा घालण्याची तयारी ठेवावी. परवान्यातील खरेदीची मुदत संपत आली असेल तर घाईने भलते शस्त्र घेण्यापेक्षा मुदतवाढीचा अर्ज वेळेत द्यावा.

शस्त्र मिळेपर्यंतचा काळ वाया जाण्याचे कारण नाही. .१७७ बोअरच्या आणि वीस ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही आणि ते दोन शस्त्रांच्या मर्यादेतही धरले जात नाही. बंद खोलीत, मागे नीट छर्रे अडवणारी पेटी लावून, दहा मीटरवर रोज पंधरा मिनिटे त्याचा सराव केला तर साईट जुळवणे आणि चाप न हलवता ओढणे या दोन्ही गोष्टी पक्क्या होतात. प्रत्येक .३२ काडतुसाचा भाव पाहता हा मार्ग स्वस्तही आहे. पीपीकेची लांब ओढ मात्र पीपीकेवरच घोटावी लागेल. त्यासाठी बनावट काडतुसे घालून ड्राय फायरिंग, म्हणजे गोळी न झाडता चाप ओढण्याचा सराव, करावे आणि त्या खोलीत खरे काडतूस एकही असू नये. नेमबाजीच्या स्पर्धांचा विचार मनात असेल, तर तो या खरेदीत मिसळू नये. पंचवीस मीटरच्या सेंटर फायर प्रकारात बहुतेक नेमबाज .३२ लाँग वॅडकटर (सपाट टोकाच्या गोळीच्या) काडतुसाची खास पिस्तुले वापरतात. त्या शस्त्राचा आपल्या दुकानात काही उपयोग नाही आणि दुकानातील पिस्तूल तेथे टिकाव धरणार नाही. क्लबच्या .२२ पिस्तुलावर आधी हात बसवावा, पुढचे पुढे.

दोन शस्त्रे झाली की ठेवण्याची रीतही ठरवून घ्यावी. कमरेचे पीपीके चामड्याच्या होल्स्टरमध्येच रात्रभर ठेवू नये. उन्हाळ्यात घामाने आणि पावसाळ्यात दमट हवेने चामडे ओल धरते आणि स्लाइडवर बारीक तांबूस ठिपके उठतात. रोज सुती कापडाने पुसून, तेलाचा हलका हात फिरवून, ते तिजोरीत मोकळे ठेवावे. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये काडतुसे ठेवू नयेत. सुट्टीत कुटुंबासह पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याकडे जाणार असाल तर शस्त्र नागपुरातच सुरक्षित ठेवून जावे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन प्रवेश करता येत नाही आणि प्रवेशद्वारावरील वनरक्षक आपल्या परवान्यातील बारकावे वाचत बसणार नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. त्या वेळी दोन्ही पिस्तुलांना नळीच्या आतून-बाहेरून जरा जास्त तेल लावून, मॅगझिन रिकामी करून, क्रमांकासह पोचपावती घ्यावी; आणि परत मिळाल्यावर, झाडण्यापूर्वी, ते जास्तीचे तेल नळीतून पूर्ण पुसून काढावे.